‘वगैरे’चा हिशेब

१९९४ सालच्या गळीत हंगामातली गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ऊसबिलाचे काम नुकतेच संगणकावर आले होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वय चोवीसच्या आसपास. प्रोग्रामिंग शिकलो ते जुन्या बाजारातली पुस्तके आणि कुणाकुणाकडून मागून आणलेली मॅन्युअले वाचून. सभासदांच्या बिलांचा प्रोग्राम मी क्लिपर या भाषेत लिहिला होता. चिठ्ठीवरची ओळ जुळवून छापण्याचे काम क्लिपरमध्ये सावकाश होई, म्हणून तेवढा तुकडा सी भाषेत लिहून त्याला जोडला होता. नाव, रक्कम, सोसायटीची कपात असे तीन रकाने होते. चाचणी झाली, सगळे ठीक निघाले आणि चिठ्ठ्या वाटायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर सभासद खिडकीशी आले. पंचाहत्तर टन ऊस, साडेपाचशेचा दर, म्हणजे ४१,२५० रुपये व्हायला हवे होते. चिठ्ठीवर छापले होते ‘उणे २४,२८६’. कपातीच्या रकान्यात शून्य. प्रत्यक्षात त्यांच्याकडून ६,३०० रुपये वसूल व्हायचे होते. चिठ्ठी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “काय ओ साहेब, म्हंजे आता मीच कारखान्याला पैसे द्यायचे व्हय?” मागे उभे असलेले हसले. मला मात्र हसू आले नाही.

चूक शोधायला दोन रात्री लागल्या आणि दुरुस्तीला एक अक्षर पुरले. ती चूक का होऊ शकली, हा प्रश्न मात्र पुढे तीस वर्षे माझ्यासोबत राहिला. त्याचा माग काढताना हाती आलेला इतिहास इथे मांडतो आहे. संगणकाच्या एका भाषेने दुसऱ्या भाषेला ‘आणि वगैरे’ असे सांगितले की काय होते, याचा हा इतिहास आहे.

तीन रिवाज

प्रोग्राममध्ये एखादे काम वेगळे काढून त्याला नाव दिले की त्याला फंक्शन म्हणतात. ते करून घेताना सोबत जो माल द्यायचा, ती त्याची आर्ग्युमेंट्स. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला एकच संख्या लागते. ते लिहिणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला, दोघांनाही हे आधीपासून ठाऊक असते. पण छपाईचे फंक्शन घ्या. कधी एक गोष्ट छापायची, कधी तीन, कधी अकरा. मग पलीकडच्याला कसे कळावे की माल किती आला आणि कोणकोणता आला?

आपल्या व्यवहारात याला तीन जुनी उत्तरे आहेत. पार्सलावर ‘नग ११’ असे लिहितात. चेकवर अक्षरी रक्कम लिहून शेवटी ‘फक्त’ घालतात, म्हणजे पुढे कुणी काही वाढवू नये. आणि तिसरे उत्तर म्हणजे सोबत तपशीलवार यादी देणे: पातेले एक, तांबे दोन, ताटे चार. संगणकाच्या इतिहासात हे तिन्ही रिवाज आलटून पालटून आले. कुणी कोणता निवडला आणि का, यातच खरी गोष्ट आहे.

सुरुवातीला ‘वगैरे’ची सोयच नव्हती. केंब्रिजमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक या यंत्रावर डेव्हिड व्हीलर यांनी सबरुटीन वापरण्याची शिस्तशीर पद्धत बसवली. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांच्या १९५१ सालच्या पुस्तकात ती सविस्तर दिली आहे. तिथे सबरुटीनला द्यायची काही माहिती हाक मारणाऱ्या आज्ञेच्या लगेच पुढच्या जागांत ठेवत. काम संपल्यावर या जागा ओलांडून परत जायचे असे. त्या किती आहेत हे सबरुटीनला पक्के ठाऊक नसेल, तर परतीची वाटच चुकायची.

‘फक्त’चा रिवाज आला तो आयबीएमच्या सिस्टिम/३६० बरोबर. हे यंत्रकुळ ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झाले. त्यावर फोर्ट्रान, कोबोल आणि असेंब्लीतले तुकडे एकमेकांना हाक मारू शकत, कारण सर्वांसाठी एकच ठराव होता. एक नंबरच्या रजिस्टरमध्ये एका यादीचा पत्ता ठेवायचा आणि त्या यादीत एकेका आर्ग्युमेंटचा पत्ता. पत्ता २४ बिटांचा, त्याची जागा ३२ बिटांची. वरच्या आठ बिट रिकाम्या. कितीही आर्ग्युमेंट्स चालणार असतील, तर शेवटच्या पत्त्याची सर्वात वरची बिट ‘१’ करायची. हेच त्यांचे ‘फक्त’. पुढे पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा ते ३२ ऐवजी ३१ बिटांचे करण्यात आले. सर्वात वरची बिट पत्त्याबाहेर राहिली आणि जुन्या प्रोग्रामांची ही खूण शाबूत राहिली. रिकाम्या जागेत टाकलेली एक टिकली पुढच्या पिढ्यांना अशी सांभाळावी लागली.

‘नग’ मोजण्याचा रिवाज डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्सने थेट यंत्रातच घातला. ऑक्टोबर १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हॅक्स-११/७८० मध्ये फंक्शनला हाक मारण्याची खास आज्ञा होती. आर्ग्युमेंट्सच्या यादीच्या डोक्यावरच त्यांची संख्या लिहिलेली असे. त्या संख्येला एक बाइट दिली होती, म्हणजे मर्यादा २५५. कोणत्याही भाषेतून कोणत्याही भाषेत जाता यावे, हा त्यांच्या ठरावाचा उद्देश होता. तरी एक फट राहिलीच. ही संख्या मालाच्या नगांची नव्हती, ३२ बिटांच्या कप्प्यांची होती. सी भाषेतून मोठी दशांश संख्या पाठवली की ती दोन कप्पे अडवी. ‘कप्पे चार’ म्हणजे चार पूर्णांक, दोन दशांश संख्या की दोन्हींची मिसळ, हे नुसत्या आकड्यावरून कळत नसे. नग मोजून आले, पण आत काय आहे त्याची चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठीसकट माल पाठवणारेही होते. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी १९६०च्या दशकात हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीचा मोठा भाग पीएल/वन भाषेत लिहिलेला होता. तिथे एखादे फंक्शन ‘आर्ग्युमेंट्स बदलती आहेत’ असे जाहीर केले, की भाषा आपणहून प्रत्येक आर्ग्युमेंटसोबत त्याचे वर्णन पाठवी: हा पूर्णांक आहे, ही इतक्या अक्षरांची ओळ आहे. यादीच्या डोक्यावर संख्याही असे. मल्टिक्सवर छपाईचे फंक्शन होते, त्याचे नाव आयओए. त्याला पलीकडून काय आले हे विचारून घेता येई. अंदाजाने वाचण्याची पाळी त्याच्यावर येत नसे.

गरिबीत केलेली सोय

बेल लॅब्जने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या वाट्याला मग एक लहानसे यंत्र आले, पीडीपी-७. १८ बिटांचे आठ हजार शब्द एवढीच त्याची स्मृती. युनिक्सची सुरुवात या यंत्रावर झाली आणि थॉम्प्सन यांनी त्यासाठी बी नावाची भाषा केली. बीमध्ये प्रकार नाहीत. पूर्णांक असो की पत्ता, प्रत्येक गोष्ट एक शब्द लांब. तिथले छपाईचे फंक्शन म्हणजे आजच्या प्रिंटएफचे पूर्वज. त्याची रचना साधी होती. पहिले आर्ग्युमेंट म्हणजे नमुना, पुढे नऊ नावे नुसती लिहून ठेवलेली. पहिल्या नावाचा पत्ता घ्यायचा आणि नमुन्यात टक्क्याचे चिन्ह दिसले की एक शब्द पुढे सरकायचे. माल खरोखर किती आला हे कुणी विचारत नव्हते. नमुना सांगेल तितका उचलायचा.

म्हणजे तिसरा रिवाज, यादीचा. पण यात एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मल्टिक्समध्ये यादी भाषा स्वतः करी, प्रत्यक्ष माल बघून. इथे यादी माणूस हाताने लिहितो, आणि यादी व माल जुळतात की नाही हे तपासायला मध्ये कुणी नाही.

बीमध्ये हे बरेचसे निभावले, कारण सगळे एकाच मापाचे होते. पुढे रिची यांनी पीडीपी-११ साठी सी घडवली तेव्हा प्रकार आले आणि प्रकारांबरोबर वेगवेगळी मापे आली. पद्धत तीच राहिली. आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे एकावर एक रचायची, ताटांची चळत रचावी तशी. म्हणजे पहिले आर्ग्युमेंट, अर्थात नमुना, नेहमी वर सापडते. पण खालचे ताट किती जाडीचे आहे हे नमुन्यावरूनच ठरवायचे.

माझी चूक नेमकी इथे होती. त्या काळच्या आमच्या यंत्रावर साधा पूर्णांक दोन बाइटचा आणि लांब पूर्णांक चार बाइटचा असे. रक्कम मी लांब प्रकारात घेतली होती; नमुन्यात मात्र टक्क्यापुढे नुसता ‘डी’ लिहिला होता, ‘एल-डी’ नव्हे. छपाईच्या फंक्शनने रकमेच्या खालच्या दोन बाइट उचलल्या. दोन बाइटमध्ये ३२,७६७ पर्यंतच धन संख्या मावते. ४१,२५० तिथे ६५,५३६ ने कमी होऊन उणे २४,२८६ दिसते. कपातीच्या जागी रकमेच्याच वरच्या दोन बाइट वाचल्या गेल्या. त्या शून्य होत्या. खरी कपात चळतीत खाली तशीच पडून राहिली. चाचणीतल्या रकमा लहान होत्या आणि कपात कुणालाच नव्हती, म्हणून सगळे बरोबर दिसले होते.

सी भाषेच्या कर्त्यांना ही ढिलाई माहीत नव्हती असे नाही. १९८९ साली अमेरिकेत सीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा ‘वगैरे’ला अधिकृत खूण मिळाली: तीन टिंबे. फंक्शनच्या जाहिरनाम्याची पद्धत आणि ही टिंबे बेल लॅब्जमध्येच ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी घडवलेल्या सी++ मधून आली. टिंबांच्या आधी निदान एक नाव दिलेले आर्ग्युमेंट हवे असा नियम झाला. तो अगदी अलीकडच्या, २०२३च्या आवृत्तीत शिथिल झाला. चळतीतून एकेक ताट काढण्यासाठी ठरावीक अवजारेही दिली गेली. पण किती आले आणि काय आले, हे सांगण्याची जबाबदारी भाषेने घेतली नाही. ती हाक मारणाऱ्या माणसावरच राहिली.

सरहद्दीवर

एकाच भाषेत राहिलो तर निदान दोन्हीकडचे रिवाज सारखे असतात. खरी कसोटी सरहद्दीवर लागते.

काम झाल्यावर चळत कोणी उचलायची हाच मुळात वादाचा मुद्दा. सीमध्ये ती हाक मारणारा उचलतो, कारण आपण किती रचले ते त्यालाच माहीत. पास्कलच्या रिवाजात बोलावलेले फंक्शन उचलते. त्यामुळे प्रत्येक हाकेमागे थोडी जागा वाचते. जागा महाग असताना ही बचत लहान नव्हती, म्हणून विंडोजने सुरुवातीला पास्कलचा रिवाज घेतला. पण किती उचलायचे हे त्यात आधीच ठरलेले लागते, आणि ‘वगैरे’ त्यात बसत नाही. म्हणून विंडोजच्या फंक्शनांच्या त्या मोठ्या पंगतीत छपाईसाठी ओळ जुळवणारे फंक्शन तेवढे सीच्या रिवाजाने वेगळे बसवावे लागले. व्हिज्युअल बेसिकमधून त्याला हाक मारावी तर ‘हाक मारण्याचा रिवाज चुकला’ अशा अर्थाची तक्रार येई. माझ्या पिढीतल्या अनेकांनी ती पाहिली असेल.

काही भाषांनी सरळ दार लावून घेतले. फोर्ट्रानने २००३ सालच्या प्रमाणात सीशी बोलण्याची अधिकृत सोय केली, पण तीन टिंबे असलेली फंक्शने त्यातून वगळली. जावाने सी आणि स्वतःमधल्या पुलावर एकाच कामासाठी तीन दारे ठेवली: एक तीन टिंबांचे, एक सीच्या चळतीतून उचलणाऱ्या अवजाराचे आणि एक साध्या ओळीने मांडलेल्या मूल्यांचे. तिसऱ्या दाराची गरज का, हे दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याला लगेच कळते. चालू असताना नग ठरतात, तेव्हा तीन टिंबांच्या जागी काय लिहायचे ते आधी ठरवता येत नाही. मांडलेली ओळ मात्र पाठवता येते.

आणि गो ही भाषा. २००९ साली ती जाहीर झाली. तिच्या तीन कर्त्यांपैकी एक केन थॉम्प्सन. बीमध्ये ‘नमुना सांगेल तितका उचला’ ही रीत ज्यांच्या हाताखाली रुजली, तेच. गोमधून सीच्या फंक्शनांना हाक मारता येते, पण तीन टिंबे असलेल्या फंक्शनांना नाही. प्रिंटएफला थेट बोलावताच येत नाही. गोचे स्वतःचे छपाईचे फंक्शन कितीही गोष्टी घेते. पण त्याच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट आपला प्रकार सोबत घेऊन येते आणि एकूण संख्याही कळते. मल्टिक्समध्ये जी चिठ्ठी होती ती चाळीस वर्षांनी परत आली. यंत्रे मोठी झाली होती, चिठ्ठीचा खर्च आता परवडत होता.

ढिलाईची किंमत

हा सगळा कारागिरांचा आपसातला वाद वाटेल, पण तसे नाही. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या नावाने ओळखला जाणारा फाइली पाठवण्याचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फार ठिकाणी वापरात होता. २००० साली त्यात असे उघडकीस आले की परक्या माणसाने पाठवलेला मजकूर थेट छपाईच्या नमुन्याच्या जागी जात होता. म्हणजे यादी लिहिण्याचा अधिकार अनोळखी माणसाच्या हाती. त्याने नमुन्यात टक्क्याची चिन्हे भरली की फंक्शन निमूटपणे चळतीतून उचलत जाणार, तिथे कुणी काही ठेवले असो वा नसो. शिवाय प्रिंटएफच्या नमुन्यात एक चिन्ह असे आहे की ते वाचत नाही, लिहिते. आतापर्यंत किती अक्षरे छापली तो आकडा दिलेल्या पत्त्यावर टाकते. त्यातून दूरच्या माणसाला यंत्राचा ताबा घेता येत होता. त्यानंतर अशाच चुका इतर अनेक प्रोग्रामांत सापडल्या. माझ्या चुकीने एका सभासदाची चिठ्ठी बिघडली. त्याच फटीतून इथे यंत्रेच परक्यांच्या हाती जात होती.

दुसरी किंमत गुपचूप मोजावी लागते. नव्या यंत्रांत आर्ग्युमेंट्स चळतीऐवजी शक्यतो रजिस्टरांत ठेवतात, त्याने वेग येतो. लिनक्स वगैरे प्रणाली ज्या ६४ बिटांच्या ठरावाने चालतात, त्यात पहिले सहा पूर्णांक एका जातीच्या रजिस्टरांत आणि पहिल्या आठ दशांश संख्या दुसऱ्या जातीच्या रजिस्टरांत जातात. ‘वगैरे’ असेल तर दशांशांसाठी जास्तीत जास्त किती रजिस्टरे वापरली तो आकडा एका लहानशा जागेत ठेवावा लागतो. व्हॅक्सचा ‘नग’ असा अर्ध्या रूपात परत आला.

ॲपलने आपल्या एआरएम यंत्रांसाठी वेगळेच ठरवले: टिंबांच्या आधीची आर्ग्युमेंट्स रजिस्टरांत, टिंबांनंतरची सगळी चळतीवर. नोव्हेंबर २०२० पासून मॅक संगणकही या वाटेने गेले. पायथॉनसारख्या भाषेतून सीच्या फंक्शनाला हाक मारणाऱ्यांना आजवर ‘वगैरे’ कुठे सुरू होते हे सांगावे लागत नव्हते, कारण बहुतेक यंत्रांवर दोन्ही सारखेच चालत असे. इथे ते चालेना. न सांगितलेली गोष्ट जुन्या यंत्राने सांभाळून घेतली होती, ती नव्या यंत्राने सांभाळली नाही.

चिठ्ठीकडे परत

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. क्लिपर आणि सी यांच्यामध्ये जो पूल होता, तो खरे तर उत्तम होता. क्लिपर सीच्या चळतीवर काही ठेवत नसे. सीमधल्या फंक्शनने विचारायचे: किती आर्ग्युमेंट्स आली? दुसरे कोणत्या प्रकारचे आहे? ते लांब पूर्णांक म्हणून दे. क्लिपरला संख्याही ठाऊक होती आणि प्रकारही. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेल्या लुआ या भाषेतही सीशी बोलण्याची रीत अशीच विचारून घेण्याची आहे, आणि आज ती जगभरच्या खेळांत वापरली जाते.

म्हणजे कारखान्यातल्या त्या प्रोग्राममध्ये दोन भाषांची सरहद्द ओलांडताना काहीच बिघडले नव्हते. रक्कम ४१,२५० होती आणि ती लांब पूर्णांक आहे, ही माहिती सरहद्दीपलीकडे नीट पोचली होती. ती मी हातात घेतली आणि पुढच्याच ओळीत, तीन टिंबांच्या तोंडी देताना, टाकून दिली. इतकी वर्षे मी ‘दोन भाषांच्या भांडणात चिठ्ठी बिघडली’ असे सांगत आलो. ते खरे नव्हते. सरहद्दीवर सगळे सावध असतात, विचारून घेतात. घरात आल्यावर ‘माहीतच आहे’ म्हणून आपण चिठ्ठी फेकून देतो.

आजचे कंपायलर नमुना आणि माल जुळत नसेल तर इशारा देतात. तसा इशारा तेव्हा मला मिळाला असता तर बरे झाले असते. पण तो इशारा नमुना समोर लिहिलेला असेल तरच देता येतो. नमुना दुसऱ्या भाषेतून, चालत्या प्रोग्राममध्ये आला, की पुन्हा माणसाच्या शब्दावरच भिस्त.

दुरुस्त चिठ्ठी मी स्वतः त्या सभासदांच्या घरी नेऊन दिली होती. रक्कम ४१,२५०, कपात ६,३००, हाती ३४,९५०. त्यांनी ती नीट वाचली, बोटांवर वजाबाकी करून पाहिली आणि मगच खिशात ठेवली. यंत्राने छापले म्हणजे बरोबरच असणार, असे त्यांनी धरले नाही. आदल्या खेपेला मी ते धरले होते.